अर्ध्यावर सुटलेलं बाळंतपण

मी अंगणात पाऊल टाकलं आणि पोळपाटांचा खडखडाट एकदम मंदावला. चैत्राचं ऊन वर चढत होतं. लिंबाच्या सावलीत गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका गोल करून बसल्या होत्या. कुणापुढं पोळपाट, कुणाच्या हातात दोऱ्यानं कापायच्या लाट्या, आणि खाटेवरच्या जुन्या लुगड्यावर उडदाचे पापड उन्हाकडे तोंड करून पडलेले. त्या दिवशी वत्सलाकाकींच्या घरचे पापड होते, दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या घरचे असणार होते. त्या पेठेत उन्हाळा असा दारोदार फिरायचा.

"कोण पायजे गं?" एका दांडग्या म्हातारीनं विचारलं. तेलात बुडवलेली लाटी तिच्या गालात होती, त्यामुळं अर्धा शब्द आत आणि अर्धा बाहेर.

"वत्सलाकाकींनी बोलावलंय. मालीशवाली हाय मी. येसूबाईची गोजरा."

"येसूची लेक व्हय! अगं, तुझ्या आयेनं माझी सगळी पोरं न्हाऊ घातली. ही एवढाली वाटी तेल जिरवायची अंगात. आन एकबी कामाचा निघाला न्हाई बघ."

"तेलाला का बोल लावता गयाक्का, बियाणंच तसलं असंल," पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि सगळं अंगण हसून लोळलं.

"येसू कशी हाय?" हसू ओसरल्यावर गयाक्कानं विचारलं.

"उजवं अंग गेलंय तिचं. पडून असती."

पोळपाट गप्प झाले. "लई मोठा हात हुता," गयाक्का म्हणाली. मग लाटणं उचलून तिनं माझ्याकडं नीट बघितलं, नव्या मडक्याकडं बघावं तसं. "जा, आत हाय वत्सली."

गुळाची अडत असलेलं घर ते. माजघर शेणानं सारवलेलं, गार, आणि गुळाच्या वासानं जड झालेलं. वत्सलाकाकी पाटावर बसून पानं पुसत होत्या. मी उंबऱ्याशी टेकले. त्यांनी चहा विचारला, आईची चौकशी केली, आणि मग तोच प्रश्न आला, ज्याच्या भीतीनं मी घरातून निघताना दोनदा मागं फिरले होते.

"मागचं बाळंतपण कुठं केलंस?"

"नदीपलीकडच्या वाडीत. देसायांकडं."

"पुरं केलंस का?"

मालीशवालीला दुसरं काही विचारत नाहीत. वय विचारत नाहीत, किती घरं केलीस तेही नाही. मागचं पुरं झालं का, एवढंच. पुरं म्हणजे सव्वा महिना. बाळ जन्मलं की पहिल्या दिवसापासून सव्वा महिना सकाळी जायचं, बाळंतिणीचं अंग रगडायचं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, टाळूवर तेल भरायचं, ओव्याची धुरी द्यायची. शेवटच्या दिवशी घरातली थोरली बाई ओटी भरते, साडीचोळी देते, आणि ती साडी नेसून दुसऱ्या दारात गेलं की कुणी काही विचारत नाही. अर्ध्यावर सुटलं तर त्याचं कारण एकच असतं, आणि तसली बाई कोण दारात उभी करील?

माझं अर्ध्यावर सुटलं होतं. देसायांच्या घरातून मी जुनेरातच बाहेर पडले होते. त्यानंतर ज्या दारात गेले तिथं आधी हाच प्रश्न यायचा आणि मग दार. एकीनं तर मी बसले होते तो पाट माझ्यादेखत धुतला. आईच्या तोंडात पेज घालताना मी तिला रोज सांगायचे की आज अमकीकडं बोलणं झालंय, उद्या तमकीकडं जायचंय. तिला सगळं कळत होतं. त्या सकाळी तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाली, "व्हय म्हण. पुरं केलं म्हण. लई बायका म्हणत्यात."

"व्हय, केलं की पुरं," मी म्हणाले.

वत्सलाकाकींनी पान पुसून पालथं ठेवलं. "नाही केलंस."

माझ्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. मी उठले, पदर सावरला.

"बस खाली. मी जा म्हटलं का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसावा. "बारसं झाल्यावर थोड्याच दिवसांत गेलं लेकरू. तुझ्या मांडीवर. मला सगळं ठाऊक आहे. देसायांच्या माईंनीच तुझं नाव सांगितलं."

"माईंनी?"

"त्यांनीच. म्हणाल्या, बाई गरीब आहे, वर तोंड करून बोलत नाही. ठेवून घ्या."

मला काही सुधरेना. ज्या बाईनं मला मागच्या दारानं काढलं, 'मालीशवालीच्या हातात नात गेली' म्हणून साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा टाहो फोडला, तीच बाई दुसऱ्या घराला माझं नाव सांगते? मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. माणसाचं मन फिरतं कधीकधी.

"काकी, माझा हात निसटला न्हवता. ते लेकरू..."

"विचारलं का मी?" त्या हसल्या. "पाणी नाकात जातं, मान कलते. होतं एखाद्या वेळी. कुणी मुद्दाम करतं का? झालं ते झालं. कुणी विचारलं तर मान खाली घालायची, बाकीचं मी बघून घेते. सव्वा महिन्याचे इतर घरं देतात त्याच्या दीडपट देईन. आणि हे घर केलंस की पेठेतली सगळी दारं तुला उघडतील."

माझे डोळे भरून आले. किती दिवसांत कुणी 'बस खाली' म्हटलं नव्हतं. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आज त्या स्पर्शाची आठवण झाली तरी बोटं आखडतात.

"जा, सुनेला हात लावून दाखव," त्या म्हणाल्या. "तिला पसंत पडला पाहिजे ना!"

सून आतल्या खोलीत होती. कुमुद तिचं नाव. आठवा सरत आलेला, पाय सुजून केळीच्या खांबासारखे झालेले. पलंगाशी दोन पोरी बाहुलीचं लग्न लावत होत्या. तिनं त्यांना "पापड खायला जा" म्हणून पिटाळलं आणि माझ्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून पडली.

मी तेल कोमट केलं, तळव्यापासून सुरुवात केली. आईनं मला शिकवलं होतं की हात ओवीच्या चालीनं चालवायचा. शब्द थांबला की हात थांबवायचा, शब्द वळला की हातही वळवायचा, म्हणजे अंगाला दुखत नाही. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं:

तेलाच्या गं वाटीमंदी, ऊन पडलं कवळं
तान्ह्या माझ्या गं बाळाचं, अंग झालं सोनसळं

"गाऊ नका," कुमुद म्हणाली.

मी गप्प झाले. तिच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या. असली ताठरलेली अंगं मी पाहिली होती, पण ती बाळंतपणाच्या भीतीची. ही भीती वेगळी होती. हाताखालून ती नुसती सरकत होती, सुटत नव्हती.

"देसायांची ती मुलगीच होती ना?" तिनं भिंतीलाच विचारलं.

"व्हय. पयली नव्हं, चौथी."

"तुमच्या हातून झालं का ते?"

आजवर मला हे कुणी असं विचारलं नव्हतं. लोक ठरवून मोकळे झाले होते. "न्हाई," मी म्हणाले.

"मला वाटलंच." ती वळली. तोंडावर वांग आलेलं, ओठ सुकलेले. वय माझ्याएवढंच असेल. "गोजराबाई, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला देसायांच्या माई आल्या होत्या. सगळ्या बायका गेल्यावर त्या आणि सासूबाई कोठीच्या खोलीत बसल्या. मी इथं पडले होते. ही भिंत आहे ना, ती वरपर्यंत नाही."

मी वर पाहिलं. आढ्याखाली हातभर फट होती.

"सासूबाईंनी विचारलं, दोन आहेत, आता तिसरीच निघाली तर? माई म्हणाल्या, तीच मालीशवाली ठेवा. तिच्या हातात एकदा झालंय. पुन्हा झालं तर लोक तिलाच म्हणतील, घराला कुणी म्हणत नाही."

माझा हात तिच्या घोट्यावर होता, तिथंच राहिला.

बाहेर बायका कशावरून तरी खदखदून हसत होत्या. पोळपाट वाजत होते. मला मात्र देसायांची न्हाणी दिसत होती. चुलीवर पाणी उकळतंय, मी पाय लांब करून पाटावर बसलेय, आणि माई स्वतः लेकराला घेऊन येतायत. रोज बाळंतीण आणून द्यायची, त्या दिवशी माई आल्या. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. "आज जरा झोपाळलंय," म्हणाल्या आणि माझ्या पायांवर ठेवून निघून गेल्या. मी दुपटं सोडलं. लेकरू गार होतं. पाणी अजून विसाणलंसुद्धा नव्हतं, तांब्याही मी उचलला नव्हता. मी ओरडले, तर माई दारातच उभ्या होत्या, जणू माझ्या ओरडण्याचीच वाट बघत. मी त्यांना सांगत राहिले, गार हुतं, आधीच गार हुतं, आणि त्यांच्या आक्रोशात माझा आवाज बुडून गेला. इतके दिवस मी मनाला समजावत होते की लेकरू रात्री झोपेतच गेलं असेल, माईंनाही कळलं नसेल, दुःखात माणूस कुणावरही आळ घेतं. मला कुठं ठाऊक होतं की मला त्या कामासाठीच पाटावर बसवलं होतं!

"मुलगा झाला तर?" मी विचारलं.

"तर तुम्हाला साडीचोळी."

"माहेरी जा की गं बाई."

"आई नाही. भाऊ म्हणतो, नांदत्या घरातून येऊ नकोस." तिनं माझा तेलकट हात धरला. "तुम्ही नाही म्हणालात तर दुसरी आणतील. हो म्हणालात तर..."

ती थांबली. पुढचं मलाही कळत होतं. हो म्हटलं तर मी येणार सकाळच्या वेळापुरती. न्हाऊ घातलं, शेक दिला, की मालीशवाली दाराबाहेर. बाकीचा दिवस घराचा, रात्र घराची. राखणार कशी होते मी त्या लेकराला? एखाद्या सकाळी मी येणार आणि वत्सलाकाकी दुपटं घेऊन उभ्या असणार.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" कुमुद म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडं वळली. "मी तुम्हाला सांगितलं. माझ्यानं एवढंच झालं."

"झालं का गं?" बाहेरून हाक आली.

मी हात पुसले. दुसरा पाय चोळायचा राहिला होता.

वत्सलाकाकींनी मला अंगणात नेलं. पान लावून माझ्या हातात ठेवलं, साऱ्यांना दिसेल असं. "ऐकलंत का गं, येसूबाईच्या गोजराला ठरवलं कुमुदसाठी."

"बरं झालं," एक म्हणाली. दुसरीनं विचारायचं ते विचारलंच, "मागलं बाळंतपण कुणाचं केलंस गं? पुरं केलंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत वत्सलाकाकी पुढं झाल्या. "नाही, कशाला लपवायचं? देसायांकडं होती. लेकरू गेलं तिच्या हातात." अंगणात नुसती सळसळ झाली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, चूक कुणाची होत नाही? मीच म्हटलं, गरीब बाई आहे, तिनं जावं कुठं? मनाला भीती वाटते, नाही असं नाही. पण आपण माणसाला एकदा संधी द्यावी. पुढं देवाची इच्छा."

बायकांच्या माना हलल्या. किती थोर मन, असं एकीनं म्हटलंसुद्धा. कुणी माझ्याकडं कीव करून बघत होतं, कुणी माझ्या हातांकडं. मी उभ्या उभ्या पाहत होते, वत्सलाकाकी काय करतायत ते. उद्या काही झालं तर ही सगळी गल्ली साक्षीला उभी राहणार होती. 'आम्हाला आधीच भीती वाटली होती,' असं हीच गयाक्का म्हणणार होती. माझ्या पाठीवरचा तो हात किती मऊ होता!

गयाक्कानं लाटणं खाली ठेवलं. "काय गं पोरी? खरं का हे? तुझ्या हातात गेलं?"

मान खाली घालायची होती. तेवढंच काम होतं माझं. घरी आई पडली होती, चूल थंड होती, आणि समोर पेठेतली सगळी दारं. शिवाय आमच्या धंद्याचा एक नेम असतो, कुणी लिहून ठेवलेला नाही, पण हाडात मुरलेला. न्हाणीत जे दिसलं ते न्हाणीतच ठेवायचं. कुणाच्या अंगावर वळ दिसले, कुणाचं नवऱ्याशी बोलणं नाही, कुणाचं पोर कुणासारखं दिसतं, सगळं तेलाबरोबर जिरवायचं. जिची जीभ सुटली तिला कुणी घरात घेत नाही, मग हात सोन्याचा का असेना.

मी हातातलं पान ओट्यावर ठेवलं.

"माझ्या हातात गेलं न्हाई, गयाक्का," मी म्हणाले. "माझ्या हातात दिलं, तवा ते गेलेलं हुतं."

पोळपाटावर फिरणारं एक शेवटचं लाटणं थांबलं.

"काय बडबडतेस?" वत्सलाकाकी म्हणाल्या. आवाज अजूनही तसाच.

"माईंनी दुपट्यात बांधून आणलं. आज झोपाळलंय म्हणल्या. मी सोडून बघितलं तर लेकरू गार. चुलीवरचं पाणी चुलीवरच हुतं. तांब्यात थेंब न्हवता. आदल्या दिवशी त्यानं माझं बोट धरून सोडलं न्हवतं, एवढं धट्टंकट्टं. चौथी लेक हुती ती."

उन्हात पापडांच्या कडा वर वळत होत्या, त्यांचा बारीक आवाज यायचा तोही ऐकू आला.

"मी ह्या घरचं काम घेत न्हाई. पण तुमास्नी सांगते, आयाबायांनो. बाळंतपण साऱ्या गल्लीचं असतंय. कुमुदवैनी बाळंत झाल्या की रोज येऊन बघत जा. लेकराला उचलून बघत जा. मालीशवाली कोण का असंना, तिच्या पायावर ठेवायच्या आधी बघत जा."

कोठीच्या खोलीतलं बोलणं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्या रात्री कुमुदच्या अंगावर निघालं असतं. मी आतल्या दाराकडं नजरही वळवली नाही. पण बायकांच्या नजरा वळल्या. एकेक करून सगळ्यांच्या, आधी दाराकडं, मग त्या दोन पोरींकडं, ज्या खाटेखाली बसून ओला पापड खात होत्या, आणि मग वत्सलाकाकींकडं. बायकांना सगळं तोंडानं सांगावं लागत नाही.

"वेडी आहे ही," वत्सलाकाकी म्हणाल्या. "म्हणूनच कुणी ठेवत नाही. चल, चालती हो." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

मी वेशीपर्यंत पोचायच्या आत ती गोष्ट पेठेत पोचली होती आणि दिवस मावळायच्या आत नदीपलीकडं. चार दिवसांनी देसायांचा गडी येऊन आमच्या दारात उभा राहिला. पुन्हा तोंड उघडलंस तर खोपट राहणार नाही, एवढं सांगून गेला. पोलिसांत कुणी गेलं नाही. त्या लेकराचा जाब कुणी विचारला नाही, माईंना काही झालं नाही. त्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या, गावजेवणं घालत.

माझं मात्र ठरून गेलं. ज्या घरांनी मला लेकरू गेलं म्हणून दारात घेतलं नव्हतं, ती आता मी बोलले म्हणून घेईनात. एक म्हातारी चांगली होती, ती म्हणाली, "पोरी, तुझ्यावर माझा इस्वास हाय. पण माझ्या सुना तुझ्यासमोर अंगावरचं लुगडं सोडायच्या न्हाईत आता."

आईला मी सांगितलंच नव्हतं, तिला बाहेरून कळलं. मी भाकरी कुस्करत होते. ती म्हणाली, "न्हाणीतलं न्हाणीत ठेवायचं असतंय. एवढंबी शिकवलं न्हाई का मी तुला?"

"शिकवलंस."

"मग?"

"ते लेकरू गार हुतं, आये."

तिनं तोंड फिरवलं. छपराकडं बघत राहिली. मला वाटलं, रागानं गप्प आहे. मी घास पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"मलाबी दिलं हुतं एकदा गार," ती म्हणाली. "लई वर्षं झाली. तू रांगत हुतीस. मी न्हाऊ घातलं त्याला. टाळू भरली. तीट लावली. आन आईच्या कुशीत नेऊन ठेवलं, निजलंय म्हणून."

त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. त्या घराचं नाव मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला ती गेली.

त्याआधीच मी रोजगार हमीच्या कामावर जायला लागले होते. पाझर तलावाचं काम चाललं होतं माळावर, तिथं खडी फोडायची. तेलानं मऊ झालेले हात होते माझे, लहानपणापासून दुसऱ्याच्या लेकरांच्या अंगावर फिरलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांची सालं निघाली. मग फोड, मग भेगा. त्या हातांनी तान्ह्या अंगाला शिवलं असतं तर ओरखडा उठला असता. एका परीनं बरं झालं, दारोदार विचारत फिरायची आशाच तुटली.

आई होती तेव्हाच, वैशाख सरता सरता एका सकाळी माळावरून गयाक्का येताना दिसली. उन्हानं लालबुंद झालेली, धापा टाकत. माझ्यापुढं मटकन बसली आणि पदरानं वारा घेत राहिली.

"पोरगी झाली," ती म्हणाली.

माझा हातोडा खाली राहिला. "हाय?"

"हाय. म्हणून तर आले." तिनं इकडं तिकडं बघितलं. "तुझ्या बोलण्याचं काय झालं ठाव हाय का? त्या घराची पायरी चढायला एक मालीशवाली तयार न्हाई. साऱ्या भ्यायल्यात. उद्या आपल्या मांडीवर आणून ठेवलं तर? मग मीच जाते. वत्सली आडवी आली दारात. म्हणली, तुम्ही कशाला तरास घेता? म्हणलं, गल्लीची लेक हाय, तरास कसला. दुपारी शेजारची शिंपीण बसती कुमुदजवळ, रातीला माझी सून निजती. वत्सली बोलत न्हाई कुणाशी. त्या दिवशी लाटलेल्यातले वाटणीचे पापडबी नेले न्हाईत कुणी तिच्याकडनं."

"आन कुमुदवैनी?"

"तोंडातनं शब्द काढत न्हाई. नुसती पोरीच्या अंगावर हात ठिवून पडलेली असती." गयाक्कानं आपले जाड, पापड लाटून राठ झालेले पंजे पुढं केले. "पर मला न्हाऊ घालता येत न्हाई गं नीट. माझी पोरं तुझ्या आयेनंच घातली की सगळी. काल पोरगी पायावरनं घसरली, माझ्या काळजाचं पाणी झालं. उद्या माझ्याच हातनं काय झालं, तर वत्सलीचं आयतंच साधंल. दाखव मला."

मी खडीच्या ढिगातून एक लांबट दगड शोधला. डोक्याचं फडकं सोडून त्याला गुंडाळलं आणि माळावरच पाय लांब करून बसले. पोटऱ्यांच्या खोबणीत दगड पालथा टाकला. "असं. पाय जवळ, मधी फट ठेवायची न्हाई. मान ही अशी, बोटांच्या बेचक्यात. तोंड खाली असंल तवा पाणी पाठीवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. नाकावर आपल्या हाताचा आडोसा धरायचा."

मुकादम लांबून ओरडला, "काय चाललंय गं तिकडं, पोरखेळ?" कुणी लक्ष दिलं नाही. आजूबाजूच्या बायकांनी हातोडे थांबवले होते आणि त्या बघत होत्या. गयाक्कानं दगड आपल्या पायांवर घेतला. ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखी, तिनं त्याला पुन्हा पुन्हा पालथा घातला, उताणा केला, टिपून घेतला.

"लई रडती गं," ती दगडाकडं बघत म्हणाली. "पाणी घेतलं की भोकाड पसरती. माझा हात थरथरतो मग. घाई हुती."

"घाई करू नकोस. रडू दे तिला. जोरात रडू दे, साऱ्या पेठेला ऐकू जाऊ दे." मी फडकं सोडून घेतलं. "रडतीय तवर बरं हाय, गयाक्का. रडणं ऐकू येईनासं झालं, तर मातुर हातातलं टाकून धाव."